शुगर बॉर्डरवर, पथ्य सुरू, तरी अंगात त्राण नाही? सुरुवात इथून करा

रिपोर्टवर ‘प्रीडायबेटिस’ वाचलं, चहातली साखर सोडली, भात कमी केला, स्टेशनबाहेरचा वडापाव बंद केला. वजनही थोडं उतरलं. आणि तरी दुपारी चारला ऑफिसात डोळे मिटायला लागतात, ठाणे स्टेशनचा जिना चढताना पाय जड होतात, घरी आल्यावर सोफ्यावरून उठवत नाही. असं सांगणारे आमच्या सोसायटीत आणि ऑफिसात इतके आहेत की आता कुणी थकव्याची तक्रार केली की मी आधी दोनच प्रश्न विचारते. हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? आणि काल दिवसभरात डाळ, उसळ, अंडी, दही असं नेमकं किती पोटात गेलं?

कारण बॉर्डरवरची शुगर सहसा माणसाला एवढं आडवं पाडत नाही. या टप्प्यावर बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून तर ती कुठल्यातरी रूटीन तपासणीत अचानक सापडते. थकव्याचं सगळं खापर शुगरवर फोडलं की खरं कारण तसंच दडून राहतं. वर माणूस ‘अजून कडक करू’ म्हणत ताटातलं आणखी काढत जातो आणि आणखी गळून जातो.

मी डॉक्टर नाही. माझ्या रिपोर्टवर हा शिक्का बसून बराच काळ झाला, एवढाच माझा अधिकार. गरोदरपण, किडनीचा त्रास, शुगरची किंवा बीपीची औषधं यातलं काही असेल तर खालचे बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आधी आकडा नीट वाचा

एचबीएवनसी, म्हणजे लोक ज्याला तीन महिन्यांची शुगर म्हणतात ती, ५.७ ते ६.४ टक्के असेल तर प्रीडायबेटिस. उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी १४० ते १९९ आलं तरी तेच. ६.५, १२६ किंवा २०० यातली रेघ गाठली की डायबेटिस. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीच्या शुगरची खालची रेघ ११० वर ओढते, त्यामुळे १०४ आकड्यावर दोन डॉक्टर दोन गोष्टी बोलले तर गोंधळून जाऊ नका. आणि एकटं पडल्यासारखंही वाटून घेऊ नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीचा अंदाज असा, की देशात सुमारे १३.६ कोटी लोक या बॉर्डरवर आहेत.

आता एक गोष्ट, जी लॅबच्या कागदावर लिहिलेली नसते. शरीरात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्तातला जन्मजात सौम्य दोष, असेल तरी हा आकडा फसवू शकतो. म्हणजे हिमोग्लोबिन ९.५ आणि एचबीएवनसी ५.९ असं एखाद्या बाईंच्या एकाच कागदावर दिसलं, तर त्या बाईंना थकवा रक्त कमी असल्यामुळे असण्याची शक्यता मोठी, आणि शुगरचा आकडा ग्लुकोजच्या चाचणीनं पुन्हा पडताळून पाहण्यासारखा.

मग थकव्याची स्वतंत्र तपासणी

सत्तर चाचण्यांची ‘फुल बॉडी’ पॅकेजं सतत फोनवर येतात. बहुतेकांना त्यांची गरज नसते. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन ‘मला इतक्या आठवड्यांपासून थकवा आहे’ असं सरळ सांगा आणि या गोष्टी बघायच्या का ते विचारा: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉईड), व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन (किडनी) आणि लिव्हरची चाचणी. बस.

हिमोग्लोबिन बायकांमध्ये १२ च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. पण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, तो फेरिटिनमध्ये कळतो. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायका ‘चालायचंच’ म्हणून वर्षानुवर्षं सोडून देतात. तसं करू नका. आणि पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी आलं तर नुसती लोहाची गोळी घेऊन गप्प बसायचं नाही. रक्त कुठून जातंय, मूळव्याध, अल्सर, आणखी काही, ते शोधायला लागतं.

बी-१२ फक्त प्राणिजन्य पदार्थांतून मिळतं: दूध, दही, अंडी, मासे, मटण. शुद्ध शाकाहारी घरात, त्यातही दूध चहापुरतंच येत असेल तर, ते कमी निघणं अगदी नेहमीचं. थकवा, जिभेची आग, तळपायांना मुंग्या ही त्याची लक्षणं. मुंग्या आल्या की लोक घाबरून ‘शुगरनं नसा गेल्या’ म्हणतात. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांमध्ये बी-१२ आणखी उतरतं, म्हणून त्यांनी ते अधूनमधून तपासून घ्यावं. एक काळजी: रक्त द्यायच्या आधीच बी-१२ ची गोळी सुरू केली तर खरी पातळी कळत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही लॅबला सांगा, थायरॉईडचा रिपोर्ट त्यानं बिघडतो.

थायरॉईड मंदावला असेल तर थकव्याबरोबर बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, थंडी जास्त वाजणं अशी साथ असते. काचेच्या ऑफिसात दिवस काढणाऱ्या मंडळींचं डी कमी असतं, पण त्याची इंजेक्शनं मैत्रिणीच्या सांगण्यावरून घ्यायची नसतात. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्याही सुस्ती आणतात. चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

खर्चाचा प्रश्न असेल तर तिशीच्या पुढच्यांसाठी शुगर आणि बीपीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. पुढच्या तपासण्यांसाठी ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय आहे. केसपेपरची रांग सकाळी लवकर गाठावी, हे वेगळं सांगायला नको.

दोन आठवडे वही ठेवा

रिपोर्ट येईपर्यंत हे काम करा. रोज चार गोष्टी: किती वाजता झोपलात आणि उठलात, काय आणि केव्हा खाल्लंत, किती चाललात, आणि सकाळी अकरा, दुपारी चार, रात्री नऊ या वेळांना अंगातल्या ताकदीला दहापैकी मार्क. ॲप नको, साधी वही पुरे. लोकलमध्ये उभ्यानं लिहायचं तर फोनमधल्या नोट्स.

दोन आठवड्यांनी वही स्वतःच बोलायला लागते. उठतानाच मार्क तीन असतील तर झोपेकडे बघा. जेवणानंतर तासाभरात पेंग येत असेल तर ताटातल्या भाताकडे. संध्याकाळी पाच-सहाला हात थरथरतात, चिडचिड होते, असं असेल तर दुपारच्या डब्यापासून तोवर पोटात काय गेलं ते बघा. या वेळच्या थरथरीला सगळे ‘शुगर लो झाली’ म्हणतात. कुणाचा ग्लुकोमीटर मिळाला तर त्याच क्षणी मोजा: ७० च्या खाली असेल तरच ती लो. शुगरची औषधं न घेणाऱ्यांच्यात ती बहुधा ८५-९० निघते, म्हणजे साधी भूक. तिच्यावर ग्लुकोजचं पाणी ओतायची गरज नाही, खायची आहे. आणि दिवसभर मार्क सारखेच कमी असतील, कशातच मन रमत नसेल, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो मनाचा थकवाही असू शकतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर मोफत आणि मराठीत बोलता येतं.

ताटातून काढलंत ते काढलंत, घातलंत काय?

इथं खरा घोटाळा होतो. चार पोळ्यांच्या दोन केल्या, भात बंद केला, आणि त्या जागी काकडी आली. काकडीनं पोट भरतं, पण दिवस ढकलायला लागणारी ताकद तिच्यात नाही. शिवाय पिष्ट, म्हणजे कार्बोहायड्रेट, एकदम फार तोडलं की सुरुवातीला शरीरातून पाणी आणि मीठ जास्त निघून जातं. डोकं दुखणं, गळल्यासारखं होणं हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्यामुळेही होतं. म्हणून पोळी-भात शून्यावर आणायच्या फंदात नवशिक्यानं पडू नये. निम्म्यावर आणा, आणि रिकामी झालेली जागा प्रथिनांनी भरा.

किती प्रथिनं? एनआयएन, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं. आता आपल्या घरचं वरण बघा. तीस ग्रॅम कोरड्या डाळीतून सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण चार माणसांत मूठभर डाळ शिजवून जे पातळ वरण होतं त्याच्या वाटीत एवढी डाळ कुठून येणार? आमच्याकडे एकेकाळी आमटीत डाळ शोधावी लागायची. तेव्हा पहिला नियम: माणशी तीस ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य, एका वेळेला. एकदा किचनच्या काट्यावर मोजून घ्या आणि ती आपल्या कोणत्या वाटीत किती येते हे लक्षात ठेवा.

शाकाहारी दिवस असा बसतो. सकाळी पन्नास ग्रॅम मुगाची दोन धिरडी, १२ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या ६, मटकीची घट्ट उसळ ७, छोटी वाटी दही ४. संध्याकाळी मूठभर फुटाणे ६. रात्री एक भाकरी ५, घट्ट आमटी ७. दोन-तीन चहांतलं दूध ३. झाले पन्नास. अंडं खात असाल तर एकाचे सहा ग्रॅम. मासे खाणाऱ्यांनी बांगडा रव्यात घोळवून तेलात सोडण्याऐवजी तव्यावर भाजावा. प्रथिनं आणि बी-१२ दोन्ही एकाच ताटात.

डब्याची उसळ रोज पहाटे कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. शनिवारी सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधायची. आपल्याकडच्या दमट हवेत रविवारी सकाळपर्यंत छान मोड येतात. जुलैत मात्र फार वेळ ठेवली तर चिकट होऊन वास मारते, तेव्हा पाऊण इंचाची वाट न बघता फ्रीजमध्ये टाका. दोन-तीन दिवसांचे भाग वेगवेगळ्या डब्यांत करून ठेवले की सकाळी फक्त कांदा, हिंग-हळद, गोडा मसाला, दोन कोकमं आणि एक वाफ. पंधरा मिनिटांचं काम. आठवड्याच्या मध्यात मूग, नाहीतर चवळी.

आता भाकरीबद्दल, आणि इथं मला वाद घालावासा वाटतो. ‘ज्वारी शुगरला चालते’ म्हणून तीन-तीन भाकऱ्या खाणारे बरेच भेटतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तरच्या आसपास ग्रॅम पिष्टच असतं, गव्हाहून फार वेगळं नाही. भाकरी चांगली आहे, पोटात टिकते, पण ती मोजूनच खायची. नाचणीचं पातळ आंबील तर आणखी पटकन रक्तात उतरतं. गुळाला माफी द्यायचं तर काहीच कारण नाही. मारी बिस्कीट, ‘डायबेटिक’ खारी, मल्टिग्रेन टोस्ट हे सगळं मुळात मैदा किंवा बारीक पीठ आहे, पुड्यावर काही लिहिलेलं असो.

जेवणाचा क्रम बदलून बघा: आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-आमटी, पोळी-भात शेवटाकडे. जेवणानंतर शुगर कमी उसळते, आणि दुपारची पेंगही बऱ्याच जणांची ओसरते. मिसळ खायला गेलात तर उसळ-रस्सा जास्त, फरसाण कमी, पाव एक. ठाण्यातल्या मामलेदार मिसळवाल्याकडे जाऊन फरसाण नको म्हणायचं धाडस मात्र प्रत्येकानं आपापल्या हिमतीवर करावं.

पावसाळ्यात ठाण्यात येऊरच्या डोंगराकडच्या बायका जांभळी नाक्याला आणि स्टेशनजवळ टाकळा, कर्टोली, फोडशी घेऊन बसतात. पालेभाजी घेतलीत की वर लिंबू पिळा, लोह नीट शोषलं जातं. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. तासाभराचं अंतर ठेवा.

लोकलचं टाइमटेबल आणि आपलं

सकाळी साडेसातला घर सोडणारा माणूस रात्री साडेनऊला जेवतो, आणि दुपारी एक ते रात्री साडेनऊ मध्ये फक्त चहा. हा साडेआठ तासांचा खड्डा मग रात्रीच्या ताटात भरला जातो: भूक खवळलेली, भात दुप्पट, जेवल्या जेवल्या झोप, आणि सकाळी उठताना पुन्हा मरगळ. रात्री हलकं जेवायचा उपाय संध्याकाळी सहाला आहे. पर्समध्ये फुटाण्याची छोटी डबी असू द्या, सोबत जमलं तर ताक. ऐरोली-महापेहून ट्रान्स-हार्बरनं येणाऱ्यांनी गाडी पकडायच्या आधी ऑफिसातच खाऊन घ्यावं. ठाण्याला उतरल्यावर वडे तळतानाचा वास येतो तेव्हा पोट भरलेलं असावं, इतकंच साध्य करायचंय. कधी खाल्लाच वडापाव, तर त्या रात्री भात-पोळी नको, उसळ आणि भाजी.

चहा एकदम सोडू नका, डोकं धरून बसाल. पण हिशेब बघा: दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ३५-४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणं अधिक चांगलं म्हणते. दर आठवड्याला प्रत्येक कपामागे अर्धा चमचा कमी करत गेलात तर महिन्याभरात बिनसाखरेचा चहा गोड लागत नसला तरी चालायला लागतो. आणि पाचनंतरचा चहा झोपेवर उठतो, तो टाळा.

उपवास

संकष्टी, गुरुवार, श्रावणी सोमवार. श्रद्धेबद्दल बोलणं नाही, साबुदाण्याबद्दल आहे. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे. सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, रात्री पुन्हा वडे म्हणजे त्या दिवशी शुगर चढणार आणि अंग गळणार, दोन्ही. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर, थोडी भगर असा उपवास धरा. निर्जळी करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि गणपतीत मावशी म्हणणारच, ‘अगं, एकच मोदक, काय होतंय!’ घ्या की एक. जेवणाच्या शेवटी घ्या, ताटातला भात त्याच्यासाठी सोडा, आणि आरती झाल्यावर चाला.

चालणं, आणि त्याहून विसरलं जाणारं

दमलेल्या माणसाला ‘रोज तासभर चाला’ सांगणं निर्दयपणाचं आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, एवढंच धरा. जेवणानंतर चालणारे स्नायू रक्तातली साखर लगेच वापरतात, म्हणून या दहा मिनिटांचा भाव जास्त. मासुंदा तलावाची फेरी, उपवन, वाशीचं सागर विहार, नाहीतर सोसायटीचं पोडियम, पावसात पार्किंग. मेच्या घामट उकाड्यात पाणी कमी पडलं तरी थकवा येतो, तेव्हा बाटली जवळ हवी.

मग आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला दहा दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. जेवणातली साखर साठवायची शरीरातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. पथ्य कडक आणि व्यायाम शून्य असला की वजनाबरोबर तेही उतरतात, आणि मग जिना चढवत नाही. त्यासाठीच वजन आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा वेगानं उतरवू नका. अमेरिकेतल्या डीपीपी (डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम) अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, सात टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल हे लक्ष्य होतं. डायबेटिस होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. चेन्नईच्या भारतीय अभ्यासात, २००६ मध्ये, ही घट २८.५ टक्के निघाली. सत्तर किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे पाच किलोही नाहीत.

झोपेबद्दल थोडकं: घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकणं, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या जागी झोप, असं घरचे सांगत असतील तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याची, तपासणी करून घ्या. नुसत्या पथ्यावर ते सोडून देऊ नका. बाकीच्यांनी फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावून सात तास काढून दाखवावेत.

केव्हा थांबायचं नाही

खूप तहान, वारंवार लघवी, न प्रयत्न करता वजन घटणं, काळी शौच, थोडं चाललं तरी धाप: त्याच आठवड्यात डॉक्टर. संध्याकाळचा बारीक ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि वजन उतरणं असेल तर टीबीची तपासणी, सरकारी केंद्रात ती मोफत आहे. छातीत दाब, घाम, जबडा किंवा हात दुखणं असेल तर वहीबिही बाजूला, १०८.

एरवी तीन महिने द्या, कारण एचबीएवनसी त्याआधी बदल नीट दाखवत नाही. लोह किंवा बी-१२ सुरू झालं असेल तर बरं वाटायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड या काळात नवी सुरू करू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. तीन महिन्यांनी जाताना जुने-नवे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, वहीतली दोन पानं न्या, आणि डॉक्टरांना हे तीन विचारा: लोहाची गोळी अजून किती दिवस, बी-१२ पुन्हा कधी बघायचं, आणि माझ्या हिमोग्लोबिनकडे बघता एचबीएवनसीवर विसंबायचं की ग्लुकोजची चाचणी करायची.